पेरणीच्या दिवसांत पोचेल अशी शिष्यवृत्ती

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमचे वडील, आण्णा, गेल्या वर्षी गेले. बार्शी तालुक्यातलं आमचं कोरडवाहू घर. आण्णा पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकले, कृषी खात्यात लागले आणि तालुका कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ते शिकत होते तेव्हा त्यांचे चुलते दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आता आम्ही तिघं भावंडं मिळून त्यांच्या नावानं कृषीच्या विद्यार्थ्यांसाठी काही करावं म्हणतोय. १५ लाख रुपये जमतील, पण एकमत होत नाही. दादा गावी शेती करतो. त्याला पदवीदान समारंभात आण्णांच्या नावाचं सुवर्णपदक हवंय. ते नसेल तर शिष्यवृत्ती घेणाऱ्यानं पुढे शेतीच करावी, अशी अट तरी हवी. धाकटा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, बिनव्याजी कर्ज द्या, म्हणजे पैसा फिरता राहील. काकांचं म्हणणं, आपल्या समाजाच्या पोरांनाच द्या. आई म्हणते, पोरांच्या जेवणाला द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा. मला काही सुचेनासं झालंय. १५ लाखांत काही होतं का? आणि द्यायचे कुणाकडे?
एक लेक, पुणे

ताई,

तुमच्या आईंचं बरोबर आहे. या पैशाचं काय करायचं, याचं निम्मं उत्तर त्यांनी एका वाक्यात दिलंय, आणि उरलेलं निम्मं आण्णांच्या चुलत्यांनी तेव्हाच देऊन ठेवलंय. पैसा जेवणाला द्यायचा आणि तो वेळेवर द्यायचा. बाकी पदक, कर्ज, अटी, समाज या सगळ्याकडे या दोन गोष्टी धरूनच बघूया.

आधी जेवणाचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मुलांचं शिक्षण फीपायी अडतं. सरकारी कृषी महाविद्यालयांत सहसा तसं होत नाही. तिथली फी खासगी कॉलेजांच्या मानानं बरीच कमी असते, आणि तीही बऱ्याच मुलांची कुठल्या ना कुठल्या योजनेत सुटते. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, इतर मागासवर्गीयांसाठी वेगळी आहे, कमी उत्पन्नाच्या खुल्या गटातल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. तो अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना मिळतो. अर्ज सगळे महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. अर्ज, पडताळणी, त्रुटी, पुन्हा पडताळणी आणि मग कधीतरी हप्ता. वर्ष संपत आलं तरी खात्यावर काही नाही, ही तक्रार कुठल्याही वसतिगृहात जाऊन ऐका. मेसचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येतं.

आणि बिल थकलं की मुलं काय करतात, ते घरच्यांना कधीच कळत नाही. दोघांत एक डबा मागवतात. सकाळचं जेवण सोडून वडापाववर दुपार काढतात. सुट्टी लागायच्या चार दिवस आधीच गावाकडे निघून जातात, तेवढीच मेस वाचते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कुणी पाहुण्यांकडे राहायला जातो, तेव्हा त्यामागचं कारण अभ्यासाला मिळणारी शांतता असेलच असं नाही. हे कुणी अर्जात लिहीत नाही, आणि फोनवर आईला तर मुळीच सांगत नाही.

आपल्याकडे ज्यांनी गरीब घरातली मुलं शिकवायची म्हणून कंबर कसली, त्यांनी सुरुवात राहण्या-जेवण्यापासून केली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलांच्या पोटाला कमी पडायला लागलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. तुमच्या आई जे म्हणताहेत त्याला अशी परंपरा आहे. घरात त्यांचं म्हणणं 'बाईमाणसाचं साधं बोलणं' म्हणून बाजूला पडलं असेल, तर ते परत मधोमध आणून ठेवा.

आता वेळेचं. शेतकऱ्याच्या घरात पैसा बारा महिने सारखा नसतो, हे दादाला सांगायची गरज नाही. जूनमध्ये बियाणं आणि खत. पेरणी झाली की कोळपणी, खुरपणी, तणनाशक, फवारणी. दुबार पेरणीची वेळ आली तर विचारायलाच नको. जून ते सप्टेंबर घरातून पैसा फक्त बाहेर जातो. सोयाबीन पदरात पडून बाजारात जायला दसरा-दिवाळी उजाडते, तूर त्यानंतर, आणि उसाचं बिल आणखी पुढे. नेमक्या याच दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, कृषीच्या प्रवेशाच्या फेऱ्या चालतात. यादीत नाव आलं की मोजक्या दिवसांत कॉलेजला जाऊन प्रवेश पक्का करायचा, वसतिगृहाची अनामत भरायची, मेसचा आगाऊ हप्ता द्यायचा. गादी, बादली, अॅप्रन, जर्नलं घ्यायची. ज्या घरात नुकतंच सोसायटीचं कर्ज उचलून रान पेरलंय, त्या घरात त्या आठवड्यात पाच हजार रुपयेसुद्धा नसतात. ते सावकाराकडून येतात, नाहीतर दुकानदाराकडे उधारी वाढते.

म्हणून माझा आग्रह आहे की आण्णांच्या नावाचा पहिला हप्ता मुलाच्या खात्यात प्रवेशाच्या आठवड्यातच जायला हवा, आणि पुढचे महिन्याच्या महिन्याला. डिसेंबरमध्ये कार्यक्रम घेऊन दिलेल्या २५ हजारांपेक्षा ऑगस्टमध्ये मिळालेले ८ हजार जास्त कामाचे. आण्णांच्या चुलत्यांना हे बरोबर कळलं होतं. त्यांनी वर्षाचे पैसे एकदम पाठवले असते तरी आण्णांनी ते पुरवले असतेच. पण बहुधा एकदम पाठवायला ते चुलत्यांकडेही नसावेत, आणि तरीही महिना चुकू द्यायचा नाही हे त्यांनी ठरवलेलं असणार.

दादाच्या पदकाबद्दल मी मन लावून विचार केला, कारण त्यामागचं प्रेम मला दिसतं. आण्णांचं नाव भरल्या सभागृहात पुकारलं जावं असं त्याला वाटतं. पण हिशेब बघा. १५ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ९७,५०० रुपये व्याज येतं. दहा ग्रॅम सोन्याचा भाव २०२५ मध्येच लाखाच्या वर गेला. म्हणजे एका तोळ्याच्या खऱ्या सोन्याच्या पदकालाही वर्षाचं सगळं व्याज पुरायचं नाही. म्हणूनच अनेक विद्यापीठांत जुन्या देणग्यांतली 'सुवर्ण'पदकं आता सोन्याचा मुलामा दिलेली असतात. शिवाय ते ज्याला मिळणार, तो चार वर्षं पार पाडून पहिला आलेला. त्याचं कौतुक व्हायला हवंच, पण त्याचं कौतुक करायला विद्यापीठ आहे, वर्तमानपत्रं आहेत. मध्येच शिक्षण सोडून गावी परतलेल्या मुलाला त्या पदकाचा काय उपयोग?

गुणवत्तेसाठी दिलेल्या पैशाला अर्थ नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीनं किती पिढ्या त्या विषयाकडे वळवल्या. चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ मध्ये मिळाली होती, आणि आजही त्यांच्या चरित्रात तिचा उल्लेख येतोच. पण तिथे एका विषयाचा मान वाढवायचा होता. तुम्हाला एका माणसाची आठवण जागवायची आहे, जो कुणाच्या तरी मनीऑर्डरवर शिकला. हेतू वेगळा, म्हणून रस्ताही वेगळा.

धाकट्या भावाची कर्जाची कल्पना चुकीची नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला तो कर्जाऊच होता, आणि सुरुवातीलाच तो घेणाऱ्यांत कोल्हापुरात पुढे नाव काढलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. परत आलेला पैसा पुढच्याला. पण ते कर्ज परदेशी जाऊन डॉक्टर-इंजिनियर होणाऱ्यांसाठी होतं, ज्यांना परतल्यावर मिळकत नक्की होती. अठरा वर्षांच्या मुलाला मेसच्या बिलासाठी कर्ज देणं वेगळं. त्याच्या घरात कर्ज हा शब्द आधीच जड झालेला असतो. आणि कृषी पदवीनंतरची वाट सरळ नसते: कुणी एमएस्सीला जातो, कुणी स्पर्धा परीक्षेत वर्षं घालवतो, कुणी खत-औषधांच्या कंपनीत फिरतीवर लागतो. वसुली करत बसायची वेळ आली, तर आण्णांचं नाव त्या मुलाच्या तोंडी कसं येईल, ते धाकट्यालाच विचारा. त्याला पैसा फिरता हवा असेल तर एक करता येईल. शिकून कमावते झालेल्यांना वर्षातून एकदा पत्र पाठवून 'जमेल तेव्हा एका मुलाचा एक महिना उचला' एवढं सांगायचं. सक्ती नाही, हिशेबही नाही.

शेतीच करावी ही अट तर अजिबात घालू नका. आण्णांनी तरी कुठे पूर्णवेळ शेती केली? ते खात्यात राहिले आणि तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या उपयोगी पडले. बियाण्याच्या प्रयोगशाळेत बसणारी, बँकेत पीककर्जाच्या फायली बघणारी, माती परीक्षण करणारी, कृषी विज्ञान केंद्रात शिकवणारी माणसं शेतीचीच असतात. आणि ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे, त्याला परत त्याच दोन एकरांत अडकवायला आपण शिष्यवृत्ती देत नाही.

काकांशी बोलताना आवाज चढवू नका, पण माघारही घेऊ नका. एक कारण कायद्याचं आहे, ते त्यांना पटायला सोपं जाईल. एखाद्या विशिष्ट जातीसाठी किंवा धर्मासाठी काढलेल्या धर्मादाय संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची मान्यता मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं हे अपवाद. दुसरं कारण तुमच्या घराचं आहे. आण्णा तालुका कृषी अधिकारी असताना बांधावर जायचे, ते शेतकऱ्याचं आडनाव विचारून नसणार. त्यांच्या नावानं चालणाऱ्या कामात ते विचारलं जावं, हे मला पटत नाही.

आता कुणाला द्यायचं. इथे लोक चटकन 'शेतकऱ्याचा मुलगा' लिहितात आणि पुराव्याला सातबारा मागतात. तुम्ही मागू नका. सातबारा मागितला की सगळ्यात गरजू मुलंच आधी गळतात: भूमिहीन मजुरांची, वाट्यानं शेती करणाऱ्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, आणि नवरा गेल्यावर जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर असलेल्या बाईची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुरे, आणि त्याच्या जोडीला वसतिगृहाच्या अधीक्षकांचं आणि वर्गशिक्षकांचं मत. कोणाची मेस थकते, हे त्यांना माहीत असतं. मुलगे-मुली निम्मे-निम्मे ठेवा. मुलींची फी माफ झाली म्हणून त्यांना गरज नाही असं कुणी म्हणेल, पण जेवण आणि एसटीचा पास माफ झालेला नाही.

गावचाच विद्यार्थी हवा, ही अटही मोह पाडते. 'बार्शी तालुक्याला प्राधान्य, नसल्यास सोलापूर जिल्हा, तोही नसल्यास कुणीही' एवढं लिहून ठेवा, नाहीतर एखाद्या वर्षी पात्र विद्यार्थी नाही म्हणून पैसा पडून राहील. अशा जाचक अटींमुळे निजलेल्या देणग्या अनेक संस्थांच्या वह्यांत सापडतात.

एकदा निवडलेल्या मुलाला चारही वर्षं सांभाळा. दरवर्षी नवा मुलगा निवडून एकेक वर्षाची मदत केली की यादी लांबते, पण दुसऱ्या वर्षी त्या आधीच्या मुलाचं काय? पुढे चालू ठेवायला पहिला नंबर मागू नका. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात इंग्रजीतली जैवरसायनशास्त्राची आणि संख्याशास्त्राची पुस्तकं अंगावर येतात. एखाद्या विषयात तो अडकला तर मदत थांबू नये. त्याला खरी गरज तेव्हाच असते. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडायची सोय झाली आहे. ज्याला हवं त्यानं जरूर बाहेर पडावं. पण मेस परवडत नाही म्हणून कुणी ती वाट धरू नये, एवढं तुमच्या पैशानं नक्की होईल.

आणखी एका खर्चाकडे कुणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे शेवटच्या वर्षातला ग्रामीण कार्यानुभव, मुलांच्या भाषेत 'रावे'. मुलं गट करून एखाद्या गावात राहतात. वर्तमानपत्रात ज्यांचे 'कृषिदूतांनी दाखवले प्रात्यक्षिक' असे फोटो येतात, तीच ही. खोलीभाडं, किराणा, गावातून कॉलेजला आणि परत जायला पेट्रोल, तक्ते, नकाशे, अहवालाची छपाई. बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे पिकावर फवारायच्या बुरशीनाशकाचं, प्रात्यक्षिक घ्यायचं तर एक टक्क्याच्या १०० लिटर द्रावणाला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना लागतो. दोन्ही वेगवेगळे भिजवून एकत्र ओतायचे, मग लोखंडी सुरीचं पातं बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडलाय. शेतकरी बघत उभे असतात, आणि मोरचूद आणलेली असते मुलांनी वर्गणी काढून. या काळासाठी काही ठिकाणी विद्यावेतन असतं, तेही उशिरा येतं. तुमच्या मुलांना त्या सत्रात दोन-तीन हजार जास्त द्या. फक्त नियमात 'सातवं सत्र' असं लिहू नका. अभ्यासक्रम बदलतात, सत्रं पुढेमागे होतात. 'गावात राहून करायच्या कार्यानुभवाच्या काळात' असं लिहा.

१५ लाखांत काही होतं का, असं तुम्ही विचारलंय. होतं, आणि चांगलं होतं. प्रश्न एवढाच आहे की तुम्हाला ते कायमचं हवंय की भरघोस हवंय. कायमचं हवं असेल तर व्याजाच्या ९७,५०० मधून दोन मुलांना महिना ३,००० प्रमाणे वर्षाचे ७२,००० द्यायचे आणि उरलेले २५,५०० दरवर्षी मुद्दलात टाकायचे. ते टाकलेच पाहिजेत. सहा टक्क्यांनी महागाई वाढली तर बारा वर्षांत आजच्या रुपयाचा आठ आणे होतो. सगळं व्याज वाटून टाकलं तर तुमच्या नातवंडांच्या काळात आण्णांच्या नावानं महिन्याला चार दिवसांचं जेवण मिळेल. आणि २५,५०० टाकूनही महागाईशी पूर्ण बरोबरी होत नाहीच. भावंडांनी अधूनमधून भर घालावी लागेल.

दुसरा मार्ग असा की कायमचा हट्ट सोडायचा. पंधरा वर्षांत मुद्दलासकट सगळं खर्चून टाकायचं ठरवलं, तर त्याच व्याजदरानं वर्षाला जवळपास १ लाख ६० हजार रुपये निघतात. म्हणजे एका वेळी चार मुलं, प्रत्येकाला महिना ४,००० प्रमाणे कॉलेजच्या दहा महिन्यांचे ४० हजार. पंधरा वर्षांनी खातं रिकामं, पण तोवर चौदा-पंधरा मुलं पूर्ण शिकून बाहेर पडलेली. माझा कौल या दुसऱ्या मार्गाला आहे. आज ज्या मुलाची मेस थकलीय त्याला आजच द्या. पंधरा वर्षांनंतरचं तुमची मुलं बघतील, आणि तेव्हा काय हवंय हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळेल. दादाला नाव कायम राहावं असं फारच वाटत असेल, तर ५ लाख ठेव म्हणून आणि १० लाख खर्चायला, असंही करता येईल.

कुणाकडे द्यायचे? या रकमेसाठी स्वतःचा ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. यात तुमचा उत्साह आणि पैसा दोन्ही जातील. आण्णा शिकले ते पुण्याचं कृषी महाविद्यालय आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं घटक महाविद्यालय आहे. तिथे जाऊन कॉलेजच्या प्रमुखांना, म्हणजे सहयोगी अधिष्ठात्यांना, भेटा, आणि शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या लिपिकांनाही भेटा. खरं काम तिथे होतं. बार्शीला जवळ म्हणून धाराशिवचं कॉलेजही मनात येईल. ते परभणीच्या विद्यापीठाखाली येतं. तेही चांगलंच, पण कॉलेज एकच निवडा. दोन ठिकाणी विभागलं की दोन्हीकडे पाठपुरावा ढिला पडतो. खासगी कॉलेजांत गरज जास्त आहे, हे मला मान्य आहे, पण तिथली फीच एवढी असते की तुमचा पैसा तीतच जिरून जाईल आणि मुलाचं ताट होतं तसंच राहील.

त्या लिपिकांना एक प्रश्न नक्की विचारा. कित्येक सरकारी योजनांत 'दुसरी शिष्यवृत्ती घेता येणार नाही' अशी अट असते. तुमच्या तीन हजारांपायी मुलाची सरकारी शिष्यवृत्ती गेली तर मदतीचा तोटाच झाला. पुस्तकं, साहित्य, राहणं-जेवण यांसाठीच्या मदतीला सहसा आडकाठी नसते. म्हणून कागदावर 'भोजन व निवास साहाय्य' असंच नाव असू द्या. आण्णांचं नाव त्याच्या आधी लावा.

ठेव लगेच विद्यापीठाच्या हवाली करू नका. पहिली एक-दोन वर्षं पैसा भावंडांच्या संयुक्त मुदत ठेवीत राहू द्या आणि कॉलेजनं निवडलेल्या मुलांच्या खात्यावर तुम्हीच दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाठवा. बँकेला एकदा कायम सूचना दिली की झालं. सवय बसली, निकष घासूनपुसून नीट झाले, की मग विद्यापीठाशी लेखी करार. त्यात काय असावं: पैसा कोणत्या बँकेत, निवड कोण करणार, हप्ते कोणत्या तारखांना, विद्यार्थी न मिळाल्यास काय, कॉलेजचं नाव किंवा रचना बदलल्यास काय, आणि वर्षाला एक पानाचा हिशेब कुणाला पाठवायचा. देणगीवर करवजावट हवी असेल तर विद्यापीठाकडे त्यासाठी लागणारी आयकर खात्याची मान्यता आहे का ते आधी बघा. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला जुन्या प्रणालीतही नाही.

धाकट्याला त्याच्या पासपोर्टबद्दल विचारा. तो अजून भारतीय नागरिक असेल तर त्यानं बँकेमार्फत पाठवलेली स्वतःची बचत विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, मग त्याच्याकडे मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. तसं असेल तर पहिला रुपया यायच्या आधी सीएंचा सल्ला घ्या.

आता जरा नाजूक गोष्ट. मोठा धनादेश हातात देऊन मुलांचे फोटो काढू नका. ज्याच्या वडिलांनी आत्महत्या केलीय असा एखादा मुलगा त्या चौघांत असेल, त्याला मंचावर उभं करून 'आत्महत्याग्रस्त कुटुंबातील' म्हणून पुकारू नका, कुणाला पुकारू देऊही नका. आभाराचं पत्र सक्तीचं ठेवू नका. अर्जाच्या पहिल्या पानावर आण्णांबद्दल चार ओळी लिहा: कुठल्या गावचे, कुठे शिकले, कुणाच्या मनीऑर्डरवर शिकले. वाचणाऱ्याला तेवढं पुरतं.

आणि दादाला यात मोठं काम द्या. पदक नाही म्हटल्यावर तो नाराज होईल, आणि त्याला समजावत बसण्यापेक्षा निवडीच्या दिवशी त्याला कॉलेजात घेऊन जा. मुलांशी त्यानंच बोलावं. घरी यंदा काय पेरलंय, किती उगवलंय, कुणाकडून बियाणं घेतलं, असं तो सहज विचारेल, आणि मुलाच्या उत्तरावरून घरात काय चाललंय ते त्याला उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा जास्त नेमकं कळेल. तुम्हाला आणि धाकट्याला ते जमणार नाही. पहिलं वर्ष संपलं की त्यानंच त्या चौघांना फोन करून विचारावं, कोणत्या महिन्यात सगळ्यात जास्त ओढाताण झाली. मग पुढच्या वर्षीचे हप्ते तसे मागेपुढे करा.